पाण्याला विचारणारी अक्का

बिदरच्या मैलूर भागातल्या गल्लीत घर बांधून राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात अक्कांनी मला नापास केलं. मी फाटकापाशी शेजाऱ्यांची ओळख व्हावी म्हणून उगीच उभा होतो. समोरच्या ओट्यावर सहा-सात पोरं गोल करून बसली होती आणि त्यांच्यामधे साठी उलटलेली एक बाई. अंगावर इरकल साडी, साडीवरून प्रयोगशाळेतला पांढरा कोट, कोटाला ॲसिडनं पडलेली भोकं. पुढ्यात काचेचे तीन गिलास. एकात लाल पाणी, एकात पिवळं, मधला रिकामा. दोन्हीकडून समईच्या लांब वाती मधल्या गिलासात सोडलेल्या.

"मास्तर हाव म्हणं तुमी. सांगा, मधल्या गिलासात काय व्हईल?"

"केशाकर्षणानं पाणी वर चढेल," मी म्हणालो. भालकीच्या मराठी शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकवून मी बिदरला बदलून आलो होतो, तेव्हा आवाजात तेवढा रुबाब होताच.

"त्याचं नाव न्हाई इचारलं. काय व्हईल?"

"नारंगी पाणी जमेल."

"किती येळात?"

पुस्तकात वेळ दिलेला नसतो.

"मग बसा," अक्का म्हणाल्या आणि एका पोराला सरकायला सांगून त्यांनी मला ओट्यावर जागा करून दिली. मी पाऊण तास तिथं बसलो. वातींमधून रंग मुंगीच्या पावलानं वर आला, काठावरून वळला आणि रिकाम्या गिलासात पहिला थेंब पडला. हा प्रयोग मी फळ्यावर निदान वीसदा काढला असेल. पडताना कधी बघितला नव्हता.

त्यांची सगळीच पद्धत उफराटी. प्रयोगाआधी प्रत्येक पोराला एक चिंचोका मिळायचा. काय होईल ते बोलून दाखवायचं आणि ओट्यावर खडूनं आखलेल्या चौकोनात आपला चिंचोका ठेवायचा. एकदा ठेवला की उचलायचा नाही. प्रयोग झाल्यावर गूळ-शेंगदाणे वाटले जायचे, पण ज्याचा चिंचोका चुकला त्याला आधी. बरोबर आलेल्यांना उरलं तर. माझी सात वर्षांची मुलगी एकदा रडत घरी आली, कारण तिचं लागोपाठ तीनदा बरोबर आलं होतं.

"अक्का, हा काय न्याय?" मी विचारलं.

"बरोबर आलेल्याला आज नवं काय कळलं? कायच न्हाई. चुकलेल्याला कळलं. कमाई त्याची झाली."

कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या अक्का एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं अटेंडर होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा हैदराबादेत. माहेर भालकीकडचं, म्हणून मराठी माझ्या आईसारखी बोलायच्या. रागवायच्या कन्नडात, लाड करायच्या मराठीत आणि प्रयोग बिघडला की दखनीत गिलासालाच म्हणायच्या, "क्या रे बावा, क्या हुआ तेरेकू?" एवढं सगळं कुठं शिकलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "प्रोफेसर बोलायचे, पोरं लिहायची. बघत कोणीच न्हवतं. मग मीच बघायचे."

कुठल्याही 'कामून'ला, म्हणजे 'का'ला, त्यांचं एकच उत्तर असायचं, "पाण्याला इचार." पांढऱ्या शेवंतीचा दांडा निळ्या शाईत ठेवून त्यांनी पाकळ्यांवर निळ्या शिरा आणल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल इष्टलिंगाच्या पूजेत वाहिलं. शेजारचे अप्पा धान्याचे आडते, गल्लीतले वजनदार गृहस्थ. त्यांना ते रुचलं नाही. "अक्का, देवाला शाईचं फूल?" अक्का म्हणाल्या, "पाणी वर देवानंच चढवलंय अप्पा. मी निस्ती खाली बाटली धरले."

एकदा मी त्यांना आमच्या शाळेत नेलं. नववीच्या वर्गात त्यांनी हेडमास्तरांच्याही हातात चिंचोका दिला. साहेब चुकले आणि सगळ्या वर्गादेखत पहिला गूळ त्यांना खावा लागला. त्यानंतर अक्कांना बोलावू नका असा तोंडी हुकूम मला मिळाला. परतताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "तुमची सगळी पोरं एकच उत्तर द्यायलीत, मास्तर. आन तेबी बरोबर. लई वाईट झालंय बगा." मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आधी राग आला म्हणून आणि नंतर त्यांचं खरं होतं म्हणून.

अक्कांच्या परसात विहीर होती, लाल दगडात खोदलेली. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा यायचं, त्यामुळं गल्लीतली आठ घरं तिच्यावरच जगायची. आम्ही यायच्या दोन वर्षं आधी मुलानं मोटार बसवून दिली आणि अक्कांनी घरोघर नळी टाकून दिली. आम्ही नवे आणि बौद्ध. पाण्याचा प्रश्न निघेल म्हणून बायको घर बांधायच्या आधीपासून धास्तावली होती. अक्कांनी न विचारता नळी आमच्या फाटकात आणून ठेवली. तो प्रश्न निघालाच नाही, म्हणजे त्या वेळी निघाला नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला गल्लीत कावीळ आली. महिनाभरात पाच पोरं पिवळी पडली. अप्पांच्या नातवाला तर दवाखान्यात ठेवावं लागलं. सरकारी माणसं येऊन विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन गेली आणि पिण्यालायक नाही, कुठल्यातरी संडासाची घाण विहिरीत येतेय, असं सांगून मोकळी झाली. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. अक्कांनी त्याच दिवशी मोटारीची वायर काढून ठेवली आणि गल्ली नळाच्या पाण्यावर आली. गल्लीनं मात्र उत्तर काढलं होतं.

आमचं घर गल्लीच्या वरच्या अंगाला, विहीर खालच्या. आमचा संडास फाटकाला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यावर येणारा आणि त्याचा शोषखड्डा नवा. उताराचं पाणी खाली येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात आमची मुलगी ठणठणीत होती. बायको पहिल्या दिवसापासून पाणी उकळून गाळत होती, हे तिच्या आईनं लावलेलं वळण. पण तेच आमच्यावर उलटलं.

एका रविवारी अप्पा आणि आणखी तिघं आमच्याकडं आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सर, वाईट वाटून घेऊ नगा. तुमचा संडास तेवढा बंद करा. न्हाईतर मग नळी तरी काढा."

"आमचाच कशावरून?"

"उतार हाय की. आन सगळ्यांची पोरं बिमार, तुमचीच बरी कशी? तुमच्या लोकांला…" अप्पा तिथंच थांबले. पुढचं त्यांनी गिळलं, पण ते आम्हाला ऐकू आलं होतं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "घर इकू आन भालकीला जाऊ. पोरीनं हे ऐकू नये." आता खरं सांगतो. आपल्या खड्ड्याचं पाणी विहिरीत जातं का, हे तपासता येतं हे मला ठाऊक होतं. रंग टाकायचा आणि वाट बघायची. विज्ञानाच्या मास्तराला एवढं कळतं. पण मी तपासलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. उतार मलाही दिसत होता. रंग निघाला असता तर आम्ही या गल्लीतच नाही, कुठल्याच गल्लीत मान वर करून राहिलो नसतो, असं मला वाटत होतं.

अक्कांना हे सगळं कळलं ते आमच्या मुलीकडून. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीला ओट्यावर बोलावलं. पोरांना नाही, थोरांना. खडूनं आठ चौकोन आखलेले, एकेका घराचा एकेक. सगळ्यांच्या हातात चिंचोके दिले.

"कुणाच्या घरची घाण हाय, ते ठेवा. तोंडानं बोलायलाव तर हातानं ठेवा की."

अप्पांनी आमच्या चौकोनात ठेवला. त्यांच्यामागून एकेक जण येऊन ठेवत गेला. ठेवताना कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. शेवटी अक्कांनी माझ्यापुढं हात केला. मी चिंचोका घेतला आणि काय झालं कुणास ठाऊक, माझाही हात माझ्याच घराच्या चौकोनावर गेला. बायकोनं तोंडाला पदर लावला. अक्कांनी खडू खाली ठेवला.

"बरं. आता पाण्याला इचारू. आधी माझ्या घरापासून."

अप्पा हसले. "अक्का, तुमचा संडास तर इहिरीच्या खालच्या अंगाला. पाणी वर चढंल व्हय?"

"चढंल का न्हाई ते तुमी-आमी कोण सांगनार?"

त्यांनी जिलेबीच्या लाल रंगाची पाकिटं बादलीत कालवून सगळ्यांदेखत आपल्या संडासात ओतली आणि मोटार जोडली. एरवी जेवढी चालायची तेवढीच रोज चालवायची, पाणी गटारीत सोडायचं आणि विहिरीतलं बाटलीत भरून उन्हात बघायचं. आठ दिवस झाले. पाणी स्वच्छ. लालीचा मागमूस नाही.

"अक्का सुटल्या," अप्पांनी गल्लीत जाहीर केलं. "आता सरांचा."

अक्कांपुरतं तर तिथंच सगळं संपत होतं. कुणालाच अक्कांचा संशय नव्हता आणि आता तर त्यांच्याच प्रयोगानं त्यांना सोडलं होतं. त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी उठून बघतो, तर अक्का ओट्यावर एक रिकामी प्लास्टिकची बाटली घेऊन बसलेल्या. बाटलीचा तळ कापलेला, तोंडाला फडकं बांधलेलं, आत परसातली लाल माती ठासून भरलेली. वरून त्या जिलेबीच्या रंगाचं पाणी ओतत होत्या. फडक्यातून खाली गिलासात थेंब थेंब पडत होता तो अगदी बिनरंगी पाण्याचा.

"बगा मास्तर. माती रंग खायलीय. म्हंजे माझा प्रयोग खोटा झाला."

"पण अक्का, तुमचं नाव आलं नाही ना."

"पाण्यानं उत्तरच दिलं न्हाई. माझं नाव आलं न्हाई असं कसं म्हणायलाव?"

मी मास्तरकी करताना शेकडो पोरांच्या प्रयोगवह्या तपासल्या आहेत. हवं ते उत्तर आल्यावर ते खोडणारा एकही हात मला आजवर भेटला नव्हता. मला त्या बाईसमोर उभं राहायला संकोच वाटू लागला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक केशरी पूड असते. चिमूटभर पाण्यात टाकली की पाणी उन्हात पोपटी चमकतं, आणि माती तिला फारशी धरत नाही. अक्कांना ते ठाऊक होतं. त्या बाटल्या त्यांनीच बत्तीस वर्षं पुसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडून शाळेच्या नावानं अर्ज लिहून घेतला आणि स्वतः जाऊन औषधाच्या बाटलीत ती पूड घेऊन आल्या. आधी मातीच्या बाटलीतून चालवून बघितली. फडक्यातून पोपटी थेंब पडला तेव्हा त्यांचा चेहरा पोरीसारखा उजळला. आपण कशाची तयारी करतोय याचा त्यांना विसर पडला होता की काय, नकळे.

पुन्हा सगळ्यांदेखत पूड त्यांच्याच संडासात गेली. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात त्यांनी विहिरीतली बाटली भरली, मागं आपली काळी छत्री उघडून धरली आणि आम्हाला हाक मारली.

पाणी पोपटी होतं. फिकं, पण बघणाऱ्याला चुकणार नाही असं. आठ घरची माणसं परसात उभी होती. अक्कांनी बाटली एकेकाच्या हातात दिली. प्रत्येकाला ती छत्रीपुढं धरून बघायला लावली. अप्पांनी दोनदा बघितली.

"माझ्या घरची हाय," अक्का म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "मोटार इहीर खाली ओढायलीय, म्हून खालच्या अंगाचं पाणीबी इहिरीत शिरायलंय. ह्या लाल दगडाला आतून भोकं. जुन्या लोकांनी ह्याच दगडाच्या पोटातून बोगदे खणून सुरंग-बावीचं पाणी चालवलंय, आमाला ठाव न्हाई का? वरचा उतार बगून आपण खालचं सांगायलो. अप्पा, तुमच्या नातवाला म्याच पाजले."

अक्कांनी ओट्यावरून गुळाचा डबा आणला. पाचही पोरांच्या आया तिथंच उभ्या होत्या, त्यांच्यापुढं त्या हात जोडून एकेक करून वाकल्या. मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले, कारण सगळ्यांचेच चिंचोके चुकले होते. पहिला खडा त्यांनी मला दिला. मी तो तोंडात टाकला आणि मला भर गल्लीत रडू आलं. लाज वाटली, तरी आवरलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी गवंडी बोलावून आपला संडास फोडला. खड्डा उपसून बुजवायला घेतला. नवा खड्डा घरापुढं, विहिरीपासून दूर, सिमेंटचा बांधायचा ठरला, त्याला महिना-दीड महिना लागणार होता. तोवर काय? बाकी सगळ्या घरांनी, आम्हीही, आमच्याकडं या म्हणून सांगितलं. अक्कांनी सगळ्यांना नको म्हटलं. अडुसष्ट वर्षांची बाई रोज सकाळी शेअर रिक्षानं बसस्टँडवरच्या शौचालयात जाऊन यायची. गल्लीला वाटलं, प्रायश्चित्त घ्यायलीय.

मला मात्र आता गप्प बसवेना. विहीर आठ दिवस उपसून पाणी पुन्हा कोरं झालं, तशी मी अक्कांच्या ओट्यावर गेलो.

"अक्का, आता माझा तपासा."

"कामून? आता तुमाला कोण काय म्हणायलंय?"

"कुणी नाही. मला बघायचंय."

अक्कांनी कोट चढवला. उरलेल्या पुडीतली निम्मी मी माझ्या संडासात ओतली. मोटार पुन्हा रोजच्यासारखी चालू केली. चौथा दिवस गेला, आठवा गेला, पंधरावा गेला. मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी छत्रीपुढं बाटली धरायचो. पंधराव्या दिवशी अक्कांनी ती माझ्या हातातून घेतली, उन्हात फिरवून बघितली आणि खाली ठेवली. "न्हाई येत," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची वेळ. गल्ली जागी होती. कुणी अंगण झाडत होतं, अप्पा तोंडात लिंबाची काडी धरून दारात उभे होते. अक्का आपल्या घरातून निघाल्या. हातात निळी बादली, खांद्यावर टॉवेल. रिक्षाकडं न वळता त्या चढ चढू लागल्या.

अप्पा पुढं झाले. गळ्यात लिंग घातलेली त्यांच्याच लिंगायत समाजातली बाई बादली घेऊन आमच्या फाटकाकडं चाललीय, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"अक्का, अहो तिकडं कुठं जायलाव? आमच्यात या की. टाइल्सचा हाय. घर तुमचंच हाय."

अक्का थांबल्या. त्यांना दम लागला होता. त्या बोलल्या ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं.

"तुमचा तपासलाव का, अप्पा?"

अप्पांनी तोंडातली काडी काढली.

"पूड उरलीय माझ्याकडं. कवाबी या. तवर गल्लीत तपासलेला ह्यो एकच हाय."

बायकोनं पळत जाऊन फाटक उघडलं. अक्कांनी चपला बाहेर काढल्या, तिच्याकडं एक तांब्या प्यायचं पाणी मागितलं आणि फाटकातच उभ्या राहून, गल्लीकडं तोंड करून, घोट घोट सगळा तांब्या प्यायल्या. मग बादली उचलून आत गेल्या आणि कडी लावून घेतली.